कार्ल्याच्या यात्रेत माइक कुठे धरायचा?

पेट झाली, मुलाखत झाली, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे. विषय सुचत नाही, मग आपल्याच भागातलं काहीतरी घेऊ, असं अलिबाग-पेणकडच्या बऱ्याच जणांना वाटतं. चांगलंच आहे ते. पण त्यातल्या एखाद्याच्या तरी वहीत हे शीर्षक लिहिलेलं असतं: 'बदलत्या काळात आगरी-कोळी लोकगीतांचा ऱ्हास'. पुरावा काय, असं विचारलं की उत्तर तयार असतं. चैत्रातल्या एकवीरेच्या यात्रेला जाऊन बघा, सगळीकडे बँजो आणि डीजे, बायकांचं गाणं कुठे ऐकू येतंय?

या पोस्टमध्ये मी दोन गोष्टी तपासणार आहे. एक, ही यात्रा संगीताचा उत्सव म्हणून कशी आहे. दोन, तिच्याबद्दल दरवर्षी नेमाने लिहिलं जाणारं ते वाक्य, 'बँजोने गाणं मारलं', ते कितपत टिकतं. माझा विषय भौतिकशास्त्राचा, त्यातही उघड्या जागेतल्या आवाजाच्या मापनाचा. म्हणून मी लोकसाहित्याच्या बाजूने कमी आणि माइकच्या बाजूने जास्त बोलणार. तुमचा विषय समाजशास्त्र असो की मराठी, मुद्दा तुमच्याही उपयोगाचा आहे.

आधी यात्रेविषयी

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकवीरा आईचं देऊळ लोणावळ्याजवळ, कार्ल्याच्या डोंगरावर, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी आहे. जागा पुणे जिल्ह्यातली, पण भक्त मोठ्या संख्येने घाटाखालचे: रायगड, ठाणे, मुंबईकडचे आगरी आणि कोळी, शिवाय चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. चैत्र शुद्ध षष्ठीला देवीच्या माहेरी, देवघरला, काळभैरवनाथाची पालखी असते आणि सप्तमीला डोंगरावर देवीची. या दिवसांसाठी गावोगावची मंडळं आपापली पालखी घेऊन चालत निघतात. अलिबागकडून निघालं की पोयनाड, वडखळ, पेण, खोपोली आणि मग बोरघाट.

चैत्राचं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे पहाटे चालायचं, दुपारी सावली बघून पडायचं, संध्याकाळी पुन्हा चालायचं. सामान आणि जेवणाची भांडी टेम्पोत. रात्री शाळेचं पटांगण, देवळाचा मंडप नाहीतर कुणाचं कापणी झालेलं शेत, आणि त्यावर ताडपत्री. नागाव-किहीमच्या किनाऱ्यावर ज्याला 'कॅम्पिंग' म्हणून पैसे पडतात तेच हे, फक्त तंबू नाही आणि सकाळी उठवायला शेजारची काकू असते.

आता याच्याकडे संगीताचा उत्सव म्हणून बघा. तिकीट नाही, मंच नाही, निवेदक नाही, कार्यक्रमपत्रिका नाही. गाणं चार ठिकाणी होतं: चालताना, मुक्कामात, डोंगराच्या पायऱ्यांवर आणि शेवटी पालखीच्या दिवशी. या चार ठिकाणचं गाणं एकसारखं नाही, हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

एका वाक्यात तीन वाक्यं

'बँजोने गाणं मारलं' हे वाक्य ऐकायला जोरदार आहे. पण संशोधनाच्या टेबलावर ठेवलं की त्याचे तीन तुकडे होतात.

पहिला तुकडा: बँजो आणि स्पीकरमुळे माणसाचं गाणं ऐकू येत नाही. दुसरा: गाण्याच्या चाली बदलल्या, सगळं एकाच ठेक्यावर आलं. तिसरा: गाणारी माणसं, विशेषतः बायका, कमी झाल्या किंवा गायच्या थांबल्या.

तिन्ही दावे वेगळे आहेत आणि तिघांना वेगवेगळा पुरावा लागतो. पहिल्यासाठी आवाजाची पातळी मोजायला हवी. दुसऱ्यासाठी त्याच गाण्याची जुनी आणि नवी ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवायला हवीत. तिसऱ्यासाठी गाणाऱ्यांना भेटून, मोजून, त्यांच्याशी बोलायला हवं. आपण काय करतो? पालखीच्या दिवशी पायथ्याशी उभं राहून पहिला दावा कानाने अनुभवतो आणि घरी येऊन तिसरा लिहितो. ऐकू आलं नाही, म्हणजे कुणी गायलंच नाही. सिनॉप्सिसमधली ही उडी तुमच्या गाइडच्या नजरेतून सुटेल, पण बाहेरच्या परीक्षकाच्या नजरेतून सुटायला नको.

बँजोबद्दलही थोडं. आपल्याकडे ज्याला बँजो म्हणतात तो अमेरिकन बँजो नव्हे. ते बुलबुलतरंगाचं वीज जोडलेलं रूप आहे: तारा खाली आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. त्याचं मूळ जपानमधलं. १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी ताइशोगोतो नावाचं वाद्य केलं, तेच पुढे भारतात येऊन बुलबुलतरंग झालं. म्हणजे 'बाहेरून आलं' असा आक्षेप घ्यायचा तर भजनाच्या पेटीवर, हार्मोनियमवरही घ्यावा लागेल, तीही बाहेरूनच आली. कोकणात आणि मुंबईत बँजो पथकं मिरवणुकीत रुजली त्याला एक साधं कारण असणार. उघड्यावर, चालत्या गर्दीत, धून ओळखू येईल इतकी तीक्ष्ण आणि वीज मिळाली की हवी तितकी मोठी करता येणारी अशी वाद्यं थोडी. बंद खोलीत भिंती आवाज परत पाठवतात. रस्त्यावर भिंत नसते, गेलेला आवाज गेला.

स्पीकरला उत्तर द्यायला किती बायका लागतील?

आता पहिला दावा नीट तपासू. यातले आकडे मी गणितासाठी धरले आहेत, यात्रेत मोजलेले नाहीत.

समजा, एक बाई मोकळ्या गळ्याने गाते आहे आणि तिच्यापासून एक मीटरवर पातळी ८० डेसिबल आहे. टेम्पोवरच्या स्पीकरची पातळी एक मीटरवर ११० डेसिबल आहे. फरक ३० डेसिबलचा. डेसिबल हे लॉगचं माप आहे, त्यामुळे ३० डेसिबल म्हणजे तीस पट नव्हे, हजार पट शक्ती. दहा बायका एकत्र गायल्या तर पातळी साधारण १० डेसिबलने वाढते, शंभर गायल्या तर २० ने. म्हणजे त्या एका स्पीकरला तितक्याच अंतरावरून बरोबरीचं उत्तर द्यायला हजार बायका हव्यात.

आता अंतराचा हिशोब. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. तुम्ही गाणाऱ्या बाईपासून एक मीटरवर असाल, तर स्पीकर किती लांब गेल्यावर दोघांची पातळी सारखी होईल? सुमारे ३२ मीटर. आणि ही फक्त बरोबरी झाली. शब्द कळायला त्याहून जास्त अंतर लागेल, कारण मोठा खर्जाचा आवाज आपल्या कानात त्याच्या वरच्या पट्टीतल्या आवाजांना झाकतो. उलटं तितकंसं होत नाही. डीजेचा ढब-ढब आणि बाईचा गळा यांची लढत म्हणूनच आधीपासून एकतर्फी असते.

यात तिसरा साक्षीदार असतो, तुमचा मोबाइल. बहुतेक फोन आवाज घेताना आपोआप पातळी जुळवतात. मोठा आवाज आला की फोन आपली संवेदनशीलता खाली आणतो. स्पीकर पुढे गेल्यावर ती परत वर यायला थोडा वेळ जातो, आणि नेमक्या त्या वेळात मागून येणाऱ्या बायकांच्या ओळी पुसट होतात. फार मोठ्या आवाजाला माइक स्वतःच फाटतो. मग ते रेकॉर्डिंग घरी ऐकून तुम्ही लिहिता, 'स्त्रियांचा सहभाग जाणवला नाही.' फोनला जाणवला नाही, इतकंच त्यातून सिद्ध होतं.

तर पहिला दावा, पालखीच्या दिवसापुरता, बरोबर आहे. तिथे माणसाचं गाणं झाकलं जातं. पण हे झाकलं जाणं आहे, मरणं नव्हे. दोन्हीतला फरक कळायला तुम्हाला आदल्या रात्री तिथे असावं लागतं.

मुक्कामातलं गाणं

मी दोन वर्षं पेणपासून पुढे पदयात्रेबरोबर चालले आहे. जे सांगते ते त्या दोन वर्षांचं आणि एकाच मंडळाचं आहे. तेवढ्यावरून सगळ्या यात्रेबद्दल बोलता येणार नाही, पण प्रश्न नक्की उभा करता येतो.

जेवणं आटोपतात. पुरुषांचं भजन बसतं, पेटी-पखवाज-टाळ. आवाजाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे. ती कुठे पाळतात, कुठे नाही, पण मुक्कामात निदान जनरेटर बंद होतो, कारण डिझेल उद्यालाही लागतं. त्यानंतर ताडपत्रीच्या एका कडेला बायकांचं सुरू होतं. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी झेलायची. वाद्य म्हणजे टाळी, फार तर स्टीलचं ताट आणि चमचा. देवीची गाणी असतातच, पण तेवढीच नसतात. लग्नाच्या हळदीची येतात, थट्टेची येतात, यूट्यूबवर गेल्या महिन्यात आलेलं येतं आणि त्यात गाणारीच्या नणंदेचं नाव घुसवलेलं असतं.

एक रात्र मला फार महत्त्वाची वाटते. एका आजींनी धवल्यातल्या ओळी सुरू केल्या. धवला म्हणजे आपल्याकडे लग्नात धवलारीण गाते ते विधीचं गाणं. हा शब्दही लहान नाही: तेराव्या शतकातल्या महदंबेची विवाहगीतं 'धवळे' म्हणूनच ओळखली जातात. दोन-तीन ओळी झाल्यावर शेजारच्या बाईने त्यांना थांबवलं. म्हणाली, इथे लग्न नाही, मांडव नाही, हे इथे कशाला? आजी थांबल्या आणि दुसरं गाणं सुरू झालं. माझ्या दृष्टीने त्या दोन मिनिटांत संशोधनाचा आख्खा एक प्रश्न आहे. कुठलं गाणं कुठे गायचं आणि कुठे नाही, याचे नियम या बायकांकडे अजून जिवंत आहेत आणि त्या ते एकमेकींवर लागू करतात. ज्या परंपरेत चूक काढणारं कुणीतरी बसलेलं आहे, तिला मेलेली म्हणायची घाई कशाला?

भौतिकशास्त्रही मुक्कामाच्या बाजूने आहे. दुपारी तापलेल्या जमिनीजवळची हवा गरम असते आणि आवाज वर वळतो, थोड्या अंतरावर ऐकू येईनासा होतो. निरभ्र रात्री जमीन थंड होते, खालची हवा गार आणि वरची उबदार, मग आवाज खाली वळतो आणि लांब जातो. भोवतालची गडबडही कमी. त्याच बाईचा तोच गळा दुपारी रस्त्यावर हरवतो आणि रात्री शेताच्या पलीकडच्या टोकाला पोचतो. तिने काहीही बदललेलं नसतं.

मग उत्सव कसा आहे?

माझं मत सरळ सांगते. ही यात्रा जे दाखवते त्यात ती कमकुवत आहे आणि जे दाखवत नाही त्यात भक्कम आहे.

पालखीच्या दिवशी पायथ्याशी एका मंडळाचा स्पीकर दुसऱ्याच्या स्पीकरला उत्तर देतो, तिसरा दोघांना. तिथे चाल, शब्द, ठेका यांपैकी काहीच धड ऐकू येत नाही. याला मी 'परंपरेवरचं आक्रमण' म्हणणार नाही, ते नुसतं वाईट ऐकणं आहे. बँजोवाला मुलगा चांगला वाजवत असला तरी त्याची कारागिरीही त्या गोंगाटात मातीत जाते. म्हणजे स्पीकरने बायकांचंच नाही, बँजोचंही नुकसान केलं. दुसरी उणीव: मुक्कामाच्या जागा ठरवताना बायकांच्या बसण्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो. भजनाला मंडप, बायकांना ताडपत्रीची कड, तीही भांड्यांजवळची. गाणं टिकवायचं तर मला आधी ही जागा बदललेली हवी आहे, पुरस्कार नंतर दिले तरी चालतील.

आणि भक्कम काय? इथे गाणारा आणि ऐकणारा असे दोन वर्ग नाहीत. शहरातल्या लोककला महोत्सवात एका गटाला दहा-बारा मिनिटं मिळतात, सारखी लुगडी, डोक्यावर टोपली, पाठ केलेली तीन गाणी. तिथे मध्येच थांबवून 'हे इथे कशाला' असं कुणी म्हणू शकत नाही. गाणं सुरक्षित राहतं, पण त्याच्याबद्दलचा वाद सुटतो, आणि वादाबरोबर त्याची समजही. मुक्कामात उलटं आहे. गाणं विस्कळीत, अर्धवट, मध्येच चहा, पण त्यात नवीन येतं आणि जुनं तपासलं जातं.

हे फक्त आपलंच नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या केरव्हिल इथे १९७२ पासून लोकसंगीताचा उन्हाळी महोत्सव भरतो. तिथे मंचाइतकंच, राहुट्यांमध्ये शेकोटीभोवती रात्रभर चालणारं गाणं नावाजलेलं आहे. आणि विजेवरचा वादही जुनाच. न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात २५ जुलै १९६५ ला बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला आणि लोकांनी हुर्यो केली, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण हुर्यो कशाबद्दल होती? विजेबद्दल, खराब ध्वनियंत्रणेबद्दल, की फारच थोडी गाणी झाली म्हणून? यावर आजही एकमत नाही. पीट सीगर यांनी पुढे सांगितलं की आपला राग विजेवर नव्हता, शब्द कळत नव्हते यावर होता. बघा, तिथेही तीन दावे एका गोष्टीत मिसळले आहेत, आणि ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली की ते कुणी वेगळे करत नाही.

आता तुमच्या वहीकडे

मला काळजी वाटते ती ही. 'ऱ्हास' असं शीर्षक एकदा मंजूर झालं की पुढची तीन-चार वर्षं तुम्ही ऱ्हासच शोधता. तुम्हाला तो सापडतो, कारण तुम्ही माइक तिथेच धरलेला असतो. मग तुमच्या प्रबंधावरून कुणीतरी योजना लिहितं: बायकांनी गाणं सोडलं आहे, तेव्हा ते मंचावर आणून जतन करू. जतनासाठी निवडलेली गाणी ठरतात, बाकीची गळतात, आणि ज्यांनी कधी सोडलंच नव्हतं त्यांना आपलं गाणं पाठ करून परत म्हणायला सांगितलं जातं. ही किंमत मोजतात त्या ताडपत्रीच्या कडेला बसलेल्या बायका, आपण नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी करा.

शीर्षकातून 'ऱ्हास' काढा आणि प्रश्न लिहा. उदाहरणार्थ: 'एकवीरा पदयात्रेत स्त्रियांचं गाणं कुठे, केव्हा आणि कोणासमोर होतं?' याचं उत्तर 'कमी झालं' असं निघालं तरी चालेल. फक्त ते उत्तर शेवटी येऊ दे, सुरुवातीला नको.

चारही ठिकाणी ऐका: चाल, मुक्काम, पायऱ्या, पालखी. एकाच ठिकाणचा डेटा घेतला तर शीर्षकात तेच ठिकाण लिहा. दिवसातून किती वेळ ऐकलं आणि किती वेळ झोपलात तेही नोंदवा. हसू नका, रात्री ११ ते १ झोपलेल्या संशोधकाच्या डेटात बायकांचं गाणं नसतं.

रेकॉर्डरमध्ये आपोआप पातळी जुळवण्याची सोय बंद करता येते, ती बंद करा. पातळी हाताने लावा, जवळ बसा. पण माइक काढण्याआधी विचारा. हळदीची थट्टेची गाणी जावेसमोर म्हणायची असतात, जगासमोर नाही. परवानगी घेताना 'रेकॉर्ड करू का' एवढंच विचारणं पुरेसं नाही. हे कुठे ठेवलं जाईल, कोण ऐकेल, नंतर पुसायचं असेल तर कुणाला सांगायचं, हे मराठीत, समोर बसून सांगा. कुणी नाही म्हणालं तर तीही नोंद आहे.

आणि जुन्याशी तुलना करायची असेल तर जुनं नीट ओळखा. 'मी डोलकर' आज कोळीगीत म्हणून सगळीकडे वाजतं, पण ते शांता शेळके यांनी लिहिलेलं आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी संगीत दिलेलं गाणं आहे. गाणं सुंदरच आहे. पण त्याला 'मूळ' धरून आजच्या मुक्कामातल्या गाण्याचा ऱ्हास मोजलात, तर तुम्ही एका गोष्टीची पट्टी दुसरीला लावली. 'पूर्वी' या शब्दासमोर प्रत्येक वेळी कंसात साल लिहून बघा. जिथे साल लिहिता येत नाही तिथे तो शब्द खोडा.

पुढच्या चैत्राला अजून वेळ आहे. तोवर तुमच्या गावच्या मंडळाचं टिपण काढा: किती मुक्काम, कुठे, बायका किती, जनरेटर किती वाजता बंद होतो. दोन पानांचं होईल. सिनॉप्सिसची सुरुवात त्या दोन पानांपासून करा.